माझ्या नावापुढे तुमचा नंबर

मेश्राम मॅडम, तुमचा फोन अजून सुरू आहे.

तुम्ही गेल्यावर घरात माणसांची ये-जा होती, तेव्हा कोणीतरी म्हणालं की आता हा वाजता ठेवून काय करता, बंद करून टाका. तुमचे भाऊ सुधाकरदादा म्हणाले, "राहू द्या. दीदीच्या पीएचडीच्या पोरींचे ओटीपी येतात त्याच्यावर." त्यांनी तो चार्जरला लावून तुमच्या टेबलावर ठेवला, चष्म्याशेजारी. मी तेव्हा परत निघाले होते, दारात चप्पल घालत होते. खरं सांगते, तोवर मला रडू आलं नव्हतं. वारासिवनीहून येताना बसमध्ये आलं नाही, तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना आलं नाही. ते ओटीपी या शब्दाला आलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रडाले पण धड जागा नाही सापडत या पोरीले."

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला चालायचं नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी सरळ बिरसा गावच्या बाजारातून सुरू केलं होतं, ते तुम्ही जसंच्या तसं परत दिलंत. म्हणालात, वाचणाऱ्याले आधी सांग तू कोण, कुठून आली, तुले काय पाहिजे. मग बाजार दाखव.

तर मी वंदना राऊत, आमगावकडची. समाजशास्त्रात एम.ए. तिकडेच केलं, महाराष्ट्रात. मग इकडे मध्य प्रदेशात, वारासिवनीच्या भोयरांकडे लग्न ठरलं. मांडवात ताटभर तांदूळ पसरून आणले, नवऱ्याने अंगठीने त्यात 'श्रद्धा' लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले आणि मी श्रद्धा भोयर झाले. नाव आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी निवडलं होतं. आमच्यात हे असंच असतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पुढे आधार कार्ड श्रद्धाचं निघालं, बँकेचं खातं श्रद्धाचं, मतदार यादीत श्रद्धा. वंदना राहिली ती मार्कशीटवर, आणि मार्कशीट राहिल्या लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली. नवरा म्हणायचा, कोणाला काय फरक पडतो. खरंच कोणाला पडला नाही, मला पुढे शिकायची हुक्की येईपर्यंत.

तुमच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा सगळे कागद एकाच पिशवीत कोंबून आणले होते. तुम्ही ते काढलेत, टेबलावर दोन गठ्ठे केलेत आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

"ह्या दोघी कोण होत?"

"दोन्ही मीच, मॅडम."

"मग दोघींतून पीएचडी कोणाले करायची हाय?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. बाहेर हिंदीत बोलणाऱ्या तुम्ही माझ्याशी थेट आपल्या बोलीत बोललात याचंच मला इतकं बरं वाटलं होतं की प्रश्न नीट ऐकूच आला नाही. तो प्रश्न आहे हे समजायला मला बराच काळ लागला.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते नंतर येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तसंच सांगत आले. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच विद्यापीठाला कळतं, बाकी सगळे कागद तिच्यामागून चालतात. एम.ए. दुसऱ्या राज्याचं असेल तर माइग्रेशन, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, आधी काढायचं, ते येईपर्यंत प्रवेश कच्चा. जातीचा दाखला महाराष्ट्राचा असेल तर इथल्या शिष्यवृत्तीची आशा ठेवायची नाही. राज्याच्या सीमेवरचा बाघ नदीचा पूल ओलांडला की माणूस तोच राहतो, दाखला मात्र परका होतो. नोटीस आधी स्वतः वाचायची आणि मगच कोणाला विचारायचं. कोर्सवर्कची हजेरी कमी पडली तर बाळंतपणाचंही कारण चालत नाही, म्हणून आधीच अर्ज द्यायचा. मूळ कागद कोणाच्या हातात सोडायचा नाही. "दाखव आन परत घे. कोणी म्हणन ठेवून जा, तर म्हण, मॅडम नाही म्हणते. मायं नाव घे, मले शिव्या खाची सवय हाय." मी घाबरून सगळ्याला हौ हौ करत होते. बाहेर पडल्यावर वाटलं, एवढी खडूस बाई पुढची कितीतरी वर्षं सोसायची.

आणि सोसली. तुमच्या लाल पेनापुढे माझं हिंदी टिकायचं नाही, कारण त्यात मराठी घुसायचं. 'वापर' लिहिलं की गोल, 'सोय' लिहिलं की गोल. एकदा तुम्ही समासात लिहिलंत, "हे बरोबर आहे, पण हे हिंदी नाही." मग खाली बारीक अक्षरात, "हिंदीत याला चांगला शब्दही नाही. तरी बदल." ते पान मी बदललं आणि जुनं फाडून टाकलं, कारण फाडून टाक असं तुम्हीच म्हणाला होतात. आता वाटतं, ठेवायला हवं होतं. पण तुमच्यापुढे कोणी काही जपून ठेवू शकलं आहे का? सुधारलेलं हातात आलं की जुनं टोपलीत, हा तुमचा कायदा.

फोनचं आता सांगते.

नोंदणीच्या वेळी आधारला जोडलेलाच नंबर द्यावा लागत होता, आणि आधारला जोडलेला होता घरचा फोन. तो बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी राहायचा आणि दिवसभर आत्याबाई उचलायच्या. माझ्या विषयाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक ऐनवेळी अलीकडे आली, तेव्हा विद्यापीठातून त्याच फोनवर निरोप आला. मी पोरांना शाळेतून आणायला गेले होते. परत आले तर आत्याबाई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होत्या. म्हणाल्या, "कोणाचा तरी फोन आलता वो. वंदना वंदना करून राह्यला होता. मी म्हटलं, यहाँ कोई वंदना नहीं रहती. बिचाऱ्यानं माफी मांगली."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्या घरात वंदना हे नाव लग्नाच्या दिवसापासून कोणी उच्चारलंच नव्हतं, तर त्यांना तरी कुठून आठवणार? बैठक माझ्याशिवाय झाली आणि माझा विषय पुढच्या बैठकीवर गेला, म्हणजे अख्खं सत्र वाया.

मला वाटलं होतं तुम्ही माझ्यावर ओरडाल. तुम्ही दुसऱ्याच दिवशी बस धरून वारासिवनीला आलात. आत्याबाईंनी तुम्हाला आत बसवलं, बाहेर ओसरीवर नाही, आणि घरच्या कपांतून चहा दिला. तुम्ही कोणत्या समाजाच्या हे त्यांना आडनावावरूनच कळलं होतं, आणि असल्या बाबतीत आमच्या घराचा इतिहास काही फार बरा नाही. मी ते पाहत होते. तुम्हीही पाहिलं असेल, पण तुम्ही सरळ कामाला लागलात.

"तुमची सून आमच्या दफ्तरात वंदना हाय," तुम्ही म्हणालात. "फोन आला तर फक्त हौ म्हणा. बाकी आमी पाहून घेऊ."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, माया पोरानं तांदळात लिवलेलं नाव हाय ते. चार मानसांपुढं. त्याच्यानंतर जुनं नाव घेतलं तं बरं नसते."

"मी नाव घ्या कुठं म्हणून राह्यली? फोन उचला म्हणतो."

"फोन उचलला का नाव घ्याच लागते."

तुम्ही चहा संपवलात, पोरांच्या वह्या चाळल्यात, धाकट्याला सात चुकीच्या बाजूने काढतो म्हणून टपली मारलीत. स्टँडवर सोडायला आले तेव्हा म्हणालात, "तुयी सासू वाईट नाही. हट्टी हाय, मायासारखी." मग माझ्याकडून विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड घेतलात, मी सोबत आणलेल्या घरच्या फोनवर ओटीपी मागवलात, आणि बस लागायच्या आत तुम्ही माझ्या नावापुढचा नंबर बदलून टाकलात. तिथे तुमचा नंबर घातलात.

मी म्हटलं, "मॅडम, हे चालते का?"

"चालत नाही. पण कोणी पाहत बी नाही. नियम कुठं पक्का हाय अन् कुठं ढिला, हे समजलं का अर्धी पीएचडी झाली समज."

तेव्हापासून वंदना राऊतला आलेला प्रत्येक फोन तुम्ही उचललात. फी भरायची तारीख, सहामाही अहवाल, कोर्सवर्कचा निकाल, सगळं आधी तुम्हाला कळायचं. मी भात कापायला शेतात असले तरी सोबतच्या एखाद्या बाईच्या फोनवर तुमचा फोन यायचा. "वंदना, लिहून घे." पेन कुठून आणणार, मी हातावर नखाने लिहायचे. मलाजखंडला खाणीत नवरा असलेली एक मुलगी आणि बिरसाकडची आणखी एक, त्यांच्याही नावापुढे तुमचाच नंबर होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं हे लाड माझे एकटीचेच आहेत. थोडं वाईटही वाटलं होतं.

बिरसाच्या आठवडी बाजारात आपण बसायचो ते दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात. माझा विषय तिथल्या विक्रेत्या बायका. मी प्रश्न विचारायचे आणि तुम्ही लांब एका दगडावर बसून मोहाची फुलं निवडायच्या बहाण्याने ऐकायच्या. मी एका बाईला विचारलं, "तुमच्या उत्पन्नाचे निर्णय घरात कोण घेतं?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. तुम्ही तिथूनच ओरडलात, "अवं, पैसा कोणाच्या कमरेला राहते ते इचार!" सगळ्या बायका हसल्या आणि मग बोलायला लागल्या. परतताना मात्र तुम्ही मला सुनावलंत की त्यांची परवानगी आधी घेतली नाहीस, त्यांना विषय समजावून सांगितला नाहीस, आणि बोलक्या बायका मिळाल्या की संशोधक आळशी होतो. शाबासकी आणि बोलणी एकाच बसच्या प्रवासात मिळायची.

आपलं मोठं भांडण नावावरून होतं, आणि ते मिटलं नाही. प्रबंध लिहून होत आला तसं मी म्हणायला लागले की मुखपृष्ठावर मला श्रद्धाचंही नाव पाहिजे. तुम्ही म्हणालात, पदवी वंदनाच्या एम.ए.वर उभी आहे, श्रद्धाने बारावीसुद्धा केलेली नाही, विद्यापीठ तिला पदवी कशी देईल? मी म्हटलं, मग 'वंदना ऊर्फ श्रद्धा' लिहू. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"ऊर्फ चोरांच्या नावात राहते, वंदना. पेपरात पाह्य."

"मॅडम, त्या बाईनं माझी पोरं सांभाळली. रोवण्याच्या दिवसांत सगळ्या गावच्या सुना चिखलात होत्या तेव्हा मले म्हणे तू जा तुया कालेजले. तिने ठेवलेलं नाव पुस्तकावर नाही, हे मी तिले कोणत्या तोंडाने दाखवू?"

"तिले वाचता येते?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तं जास्त."

तुम्ही पेन पुन्हा उचललंत. मग म्हणालात, "आन तुया मायबापानं ठेवलं त्या नावाचं काय? ते कोण सांभाळन?" मी चिडून म्हटलं, तुम्हाला काय कळणार, तुमचं एकच नाव आहे. तुम्हीही चिडलात. म्हणालात, "म्हणूनच कळते." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या प्रकरणावर सही करता करता भांडण, संदर्भसूची तपासता तपासता भांडण. आपल्या दोघींना त्यात मजा येत होती असं आता वाटतं. तुम्हाला नागपूरला दवाखान्यात नेलं त्याच्या आधी मी भेटायला आले तर तुम्ही अंथरुणातूनच म्हणालात, "बरी होऊन येतो, मग पाहू तुया ऊर्फचं." मीही म्हटलं, पाहू. हे आपलं शेवटचं बोलणं. यापेक्षा चांगलं काही बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत.

माझी एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहून गेली. आमगावला मला वंदना म्हणतात, पण तिकडे जाणं आता राखीपुरतं. इकडे, या अख्ख्या जिल्ह्यात, मला वंदना म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. कॉलेजच्या जिन्यात तुम्ही वरून हाक मारायच्या तेव्हा दोन जिने खाली मी थांबायचे, आणि मला माहीत असायचं की ही हाक मलाच आहे, कोणाच्या सुनेला नाही, कोणाच्या आईला नाही. तुम्हाला वाटत होतं मी श्रद्धासाठी भांडते म्हणजे वंदना मला नकोच आहे. तसं नव्हतं, मॅडम. वंदना तुमच्याकडे सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते.

तुमच्या श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, मी पण येतो. मला नवल वाटलं, पण विचारलं नाही. त्या पांढरी साडी नेसून आल्या, मागे बायकांत बसल्या, सगळे उठले तेव्हा उठल्या. जेवणं झाल्यावर सुधाकरदादा आमच्याजवळ आले. मला म्हणाले, "वंदना ना? दीदी हॉस्पिटलमध्ये विचारून राह्यली होती. वंदनाचं सबमिशन झालं का, म्हणे. आमाले वाटे कोणी भाची-पुतनी हाय का काय. रोज विचारे." आत्याबाईंनीच उत्तर दिलं. म्हणाल्या, "होईन. करून राह्यली ते."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. गाव मागे पडल्यावर अचानक म्हणाल्या, "बाईचं लग्न नव्हतं झालं ना?"

"नाही."

"म्हंजे एकाच नावानं आली न् एकाच नावानं गेली."

"हौ."

धानाच्या बांध्या, राईस मिल, पुन्हा बांध्या. मग त्या बाहेरच पाहत म्हणाल्या, "मायं नाव सगुना होतं. इकडं आली तं शांता केलं. माया भाऊ होता तोवरी तो सगुना म्हणे. आता कोणी नाही म्हणत." मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आणि मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी म्हणू का?" त्या म्हणाल्या, "काही नको. सासूले कोणी नावानं बोलावते का." आणि पदर सारखा केला.

त्यानंतर मी तुमच्या घरी पुन्हा गेले ती कामाला. निर्देशक, म्हणजे मार्गदर्शक, वारल्या की दुसरा निर्देशक मिळेपर्यंत प्रबंध पुढे सरकत नाही, हे तुम्ही शिकवलं नव्हतं. ते मला नोटीस वाचून स्वतः शोधावं लागलं. तुमच्याच विभागातल्या एका सरांनी तयारी दाखवली. शेवटचं चर्चासत्र तुमच्यासमोर झालेलं होतं, नक्कल तपासणीचा अहवाल होता, वाचनालयाचं बाकी काही नसल्याचं पत्र होतं. सरांनी एवढंच सांगितलं की पोर्टलवर निर्देशक बदलायचा आणि नंबर बदलायचा, आणि नंबर बदलायला ओटीपी जुन्या नंबरवर जाणार. दुःखाच्या घरी असलं काम घेऊन जायची मला लाज वाटत होती. दादांनी काहीच विचारलं नाही. तुमचा चष्मा डोळ्याला लावून, कारण त्यांचा सापडत नव्हता, त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मी टाकत गेले. नंबर बदलला. वंदना राऊतच्या नावापुढून तुम्ही गेलात.

नवा नंबर आधारचाच लागणार होता. म्हणजे पुन्हा घरचा फोन, पुन्हा टीव्हीशेजारी, पुन्हा आत्याबाई. घरी येऊन मी त्यांना इतकंच सांगितलं की विद्यापीठातून फोन येईल, प्रबंध जमा करायची वेळ ते फोनवरच देतात, ती चुकली तर पुन्हा सत्र जाईल. नाव कोणतं घेतील ते सांगितलं नाही. मॅडम, तुमच्याच्याने जे झालं नाही ते माझ्याच्याने काय होणार होतं? आत्याबाईंनी मान हलवली आणि डाळ पाखडत राहिल्या. मी नवऱ्याला म्हटलं, तू तरी तो फोन सोबत नेत जा. तो म्हणाला, दुकानात मला ऐकू येत नाही. ते काही दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे, आणि दर वेळी रिचार्ज संपल्याचं सांगणारी बाई असायची.

काल मी मागे हौदावर चादरी धूत होते. नळ सुरू होता, फोन वाजलेला मला ऐकूच आला नाही. नळ बंद केला तेव्हा आतून आत्याबाईंचा आवाज येत होता, फोनवर बोलताना त्या बोलतात तसा, समोरचा माणूस बालाघाटला उभा आहे आणि त्याला इथून ऐकू गेलं पाहिजे असा.

"कोण? ... हौ. हौ, वंदना यहींच रहती. हमारी बहू है. रुको, बुलाती."

मग त्या मागच्या दारात आल्या. फोन छातीशी धरलेला, एक हात चौकटीला.

"वंदना!"

मी तिथेच उभी राहिले, हातात पिळलेली चादर. त्या आवाजात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मला क्षणभर वाटलं घरात कोणी पाहुणी आली आहे.

"काहून उभी हाय? तुयाच फोन हाय. वंदना!"

प्रबंध परवा जमा होतो आहे. मुखपृष्ठावर वंदना राऊत, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र जोडावं लागलं आणि त्यात वकिलाने शेवटी 'ऊर्फ'च लिहिलं, तेव्हा तेवढं माझ्या म्हणण्याप्रमाणे. निर्देशकांच्या जागी सरांनी तुमचं नाव आधी घातलं आहे आणि स्वतःचं खाली. आभाराच्या पानाखाली मी श्रद्धा अशी सही केली आहे. त्यावर तुम्ही लाल गोल केला असता हे मला माहीत आहे, आणि मी तो खोडला नसता.

कालचं तेवढं सांगायचं होतं. दुसऱ्या हाकेला मी ओ दिली, मॅडम.